वाफ कुठून येते

वालावल,
४ ऑगस्ट २०२५

चि. चारुता,

आशीर्वाद शेवटी देतो. सुरुवातीला दिले की ते घेऊन तू पत्र बाजूला ठेवतेस, असा मला संशय आहे.

रविवारी तुझा फोन आला. तुझ्या आईने तो नेहमीप्रमाणे सगळ्यांना ऐकू जाईल असा लावून ओट्यावर मधोमध ठेवला. तू "मामा, टॉवर पुन्हा चालू झाला" एवढं म्हणालीस. मग शेजारणीने, दिव्याने, तुला तिकडचं ऊन विचारलं, आईने जेवण विचारलं, नारळ पाडायला आलेल्या माणसाने लग्नाचं विचारलं, आणि माझ्या वाट्याला "बरं, ठेवते मामा" आलं. आपल्या घरात फोन ही सार्वजनिक संस्था आहे. तुमच्या कारखान्यात तर म्हणे फाटकावरच फोन काढून घेतात. तेव्हा आपण दोघांनी कागद वापरावा. पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठव. घरी आलं तर तुझी आई ते मोठ्याने वाचेल.

गावात तुझी कीर्ती आहे आणि ती मीच पसरवली आहे. मी एवढंच सांगितलं, की आमची चारुता धूर धरते. दुसऱ्या दिवशी बाबली गुरवाने देवळाच्या पायरीवर मला अडवलं. "मास्तरानू, धरता म्हणजे काय करता? पिशयेत भरता?"

डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे आग आहे, हे अनुमान मी आयुष्यभर मुलांना शिकवत आलो. धूर दिसेनासा झाला म्हणजे तिथे आपली भाची आहे, याची सोय आमच्या शास्त्रकारांनी केलेली नाही. तर नीट समजावून लिही. नववीतल्या मुलाला कळेल असं लिही. मला त्याच्यापेक्षा फार जास्त कळतं असं नाही.

समर्थ कसा आहे? इन्सुलीचा पोरगा, आजोळी राहून आमच्या शाळेत शिकला. संस्कृतात तो दरवर्षी शांतपणे नापास व्हायचा, पण शाळेची पाण्याची मोटर त्याच्याशिवाय कोणाचं ऐकायची नाही. माझ्या शब्दावर त्याला तिकडे लावून घेतलंस, फार बरं केलंस. परवा बायकोला, सलोनीला, घेऊन परत निघाला तेव्हा दोघं पाया पडून गेली. पोरगी बिचारी कधी कुडाळच्या पलीकडे गेली नव्हती. लक्ष ठेव.

आता आशीर्वाद.

दत्तामामा


कारखान्याची वसाहत, विदर्भ
१८ ऑगस्ट

मामा,

पहिलं म्हणजे मी धूर धरत नाही. धूर आणि धूळ धरायची यंत्रं इथे कधीपासून आहेत. मी धरते तो कार्बन डायऑक्साइड. बाबलीला सांग, पिशवीत मावत नाही.

आता नववीचा वर्ग. आपल्या किनाऱ्यावर पूर्वी शिंपले भाजून चुना करायचे ना, तसंच सिमेंटसाठी चुनखडीचा दगड भाजतात. भाजताना दगडाच्या आत बसलेला हा वायू बाहेर पडतो. म्हणजे उद्या कोळसा बंद करून भट्टी उन्हावर चालवली तरी दगडातला वायू सुटणारच. वीजवाल्यांना इंधन बदलून सुटका आहे, सिमेंटवाल्यांना नाही. त्यांना तो चिमणीच्या तोंडाशीच धरावा लागतो.

आमचा टॉवर म्हणजे एक उंच नळकांडं. वरून द्रावण झिरपत खाली येतं, खालून भट्टीतला वायू वर चढतो. वाटेत द्रावण कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवतं, बाकीच्यांना जाऊ देतं. मग ते द्रावण दुसऱ्या नळकांड्यात नेऊन वाफेने तापवायचं. तापलं की ते पकड सोडतं. सुटलेला वायू आम्ही टाक्यांत भरतो आणि मोकळं झालेलं द्रावण पुन्हा वर पाठवतो. टाक्यांचं पुढे काय करायचं ते दुसरा विभाग बघतो. तूर्त त्यांचं बघणंच चालू आहे.

शंभरातले नव्वद धरतो, मामा. चार वर्षांपूर्वी आम्ही चाळिसावर अडकलो होतो. कौस्तुभ सर, म्हणजे आमचे प्रमुख, त्या दिवसांत जेवायचे सुद्धा टॉवरखाली उभ्याने.

नोव्हेंबरात पाहुणे येणार आहेत. हे काम पुढे न्यायचं की नाही ते तेच ठरवणार. हो म्हणाले तर याच्या कितीतरी पट मोठा टॉवर उभा राहील. नाही म्हणाले तर हा उतरवतील आणि आम्ही पांगू. तोपर्यंत मला एका जागी बसवत नाही. ताटावरून उठून पंपांचा आवाज ऐकून येते. सगळं ठीक असतं. परत येते तर भात गार.

समर्थ मजेत आहे. वाफेची बाजू तो बघतो. रविवारी सलोनीने तिरफळं घालून बांगडे केले. इथे बांगडे कुठून आणलेस विचारलं तर म्हणाला, "ताई, गप खावा. इचारू नकात." इथे माझ्याशी मालवणीत बोलणारी ही दोनच माणसं. त्यांच्या घरातून निघताना मला आपल्या अंगणातून निघाल्यासारखं वाटतं.

चारुता


वालावल,
९ सप्टेंबर

चि. चारुता,

गणपती पोचवले. आता मी केलेला एक आगाऊपणा ऐक.

तुझं पत्र वाचल्यापासून माझाही पाय घरात ठरेना. नोव्हेंबर तुझा, धाकधूक माझी. शेवटी तुला न विचारता मी देवीला कौल लावला. तुला हे सांगायला नको, पण तुझ्या सरांना वाचून दाखवलंस तर त्यांच्यासाठी लिहितो: गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण प्रश्न घालायचा, उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्याकडे लग्न, विहीर आणि कोर्टाची तारीख यांतलं काहीही देवीला बगल देऊन होत नाही.

बाबली म्हणाला, "काय इचारूचा ता नीट सांगा."

मी म्हटलं, "भाचीचा टॉवर शंभरातले नव्वद धरतो. पाहुण्यांसमोर तो टिकेल ना, एवढंच विचार."

बाबली देवीकडे वळला. "आवशी, मास्तरांच्या भाचयेन थंयसर जो टावर उभो केल्यान हा, तेका शंभरातले नव्वद गावतत. ह्या जर खरां असात आणि पावण्यांसमोर टिकतला असात, तर उजवी दी."

उजवी पडली. वेळसुद्धा लावला नाही. तुझी आई खांबाआड उभी होती. तिने त्याच संध्याकाळी वाडीभर खोबऱ्याच्या वड्या वाटल्या. तेव्हा टॉवरने आता मागे हटणं सोयीचं नाही.

एक बारीकशी शंका. तुझं पत्र वर्गात वाचायचं म्हणून पुन्हा चाळत होतो. द्रावण वाफेने तापवतो असं लिहिलं आहेस. वाफ म्हटली म्हणजे पाणी तापलं, आणि पाणी तापलं म्हणजे त्याखाली काहीतरी पेटलं. पहिल्या धड्याचाच माणूस मी, त्यापुढे माझी गती नाही. वाफ कुठून येते?

दत्तामामा


१९ सप्टेंबर

मामा,

कौलाचं वाचून मी पत्र घेऊन तशीच टॉवरकडे पळाले. समर्थने लगेच टॉवरला झेंडूची माळ घातली. सुरक्षा अधिकाऱ्याने ती काढायला लावली. मग त्याने ती पंपाला घातली, ती अजून आहे, कारण पंपाकडे कोणी बघत नाही. कौस्तुभ सर आधी हसले. दुपारी मात्र एकटे येऊन विचारून गेले, "उजवी म्हणजे नक्की होय ना?"

आता पाहुण्यांसमोर काय काय बोलायचं याच्या तालमी चालू आहेत. ऊन अजून कमी नाही. आईला सांग मी दोन्ही वेळा जेवते. वड्या पाठव म्हणावं. शाळेतल्या मुलांना नमस्कार. घाईत आहे.

चारुता


वालावल,
२९ सप्टेंबर

चि. चारुता,

न विचारलेल्या चार गोष्टींची उत्तरं दिलीस आणि विचारलेली एक ठेवून घेतलीस. वादात बोलायची पाळी आली असता गप्प राहणं याला आमच्या शास्त्रात निग्रहस्थान म्हणतात. म्हणजे जिथे गडी धरला जातो ती जागा.

लहानपणी डब्यातला लाडू खाल्लास की तू आपण होऊन पाढे म्हणत बसायचीस. तुझी आई पाढे ऐकू आले की डबा उघडून बघायची. या पत्रात मला पाढे ऐकू येताहेत.

वड्या सोबत आहेत. डबा मी उघडलेला नाही.

दत्तामामा


१४ ऑक्टोबर

मामा,

टॉवरच्या मागे एक भिंत आहे. भिंतीपलीकडे एक बॉयलर आहे. त्यात कोळसा जळतो. वाफ तिथून येते.

त्या बॉयलरला स्वतःची चिमणी आहे. टॉवर भट्टीतल्या शंभरातले नव्वद धरतो हे खरं आहे, मी स्वतः मोजलेलं आहे. पण ते नव्वद सोडवून घ्यायला लागणारी वाफ करताना, जळणाऱ्या कोळशावरून हिशेब केला तर, बॉयलर पस्तीस हवेत सोडतो, आणि त्या चिमणीवर आमचं मोजणीयंत्रच नाही. ती आमच्या प्रकल्पाच्या आखणीत धरलेली नाही. कागदावर ती 'कारखान्याची सोय' आहे. म्हणजे खरा हिशेब पंचावन्नचा.

कौस्तुभ सर लबाड नाहीत. तसं समजू नकोस. त्यांच्याशी मी बोलले. ते म्हणाले, "आधी धरता येतं हे दाखवू. मग स्वस्तात आणि स्वच्छ कसं धरायचं ते बघू. दोन्ही एकदम मागितलं तर दोन्ही हातचं जाईल. आणि चारुता, नव्वद हा आकडा खोटा आहे का?" खोटा नाही. भट्टीतून सुटणारी उष्णता वापरून वाफ करता येईल, त्याची आकृतीसुद्धा त्यांनी काढून ठेवली आहे. पण तेवढ्यात छोटाच टॉवर चालेल, आणि छोटा टॉवर बघायला एवढ्या लांबून कोण येतं.

मला त्यांचं म्हणणं पटतं. सकाळी पटतं, आणि टॉवरवर चढून भिंतीपलीकडे नजर गेली की पटेनासं होतं. उतरले की पुन्हा पटतं. हल्ली मी उगाचच चढते आणि उतरते.

खरं सांगू? तुझा कौल आला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. देवीच हो म्हणते तर मी कोण, असं. म्हणून तुझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर कौल हातचा गेला असता.

पाहुण्यांनी विचारलं तर मी सांगेन. पण ते विचारणार नाहीत. त्यांना टॉवर दाखवतात, जेवण देतात, गाडीत बसवतात. आपण होऊन सांगितलं तर चार वर्षं माझ्याच हाताने खाली येतील. काय करू?

चारुता


वालावल,
२७ ऑक्टोबर

चि. चारुता,

तुझं पत्र आल्यापासून मी तळ्याच्या काठाने फेऱ्या मारतो आहे. मला साखर निघाली असं गावात ठरलं आहे. दोघांनी कारल्याचा रस सुचवला.

आधी माझी चूक निस्तरायला गेलो. बाबलीला सगळं सांगितलं, भिंत, बॉयलर, पस्तीस, पंचावन्न. तो तांब्या घासत होता. घासायचा थांबला.

"म्हणजे तुमी देवीक अर्धांच इचारलात."

"मला तेव्हा ठाऊक नव्हतं रे."

"तुमका म्हायत नाय, ता देवीन कित्या सांगूचां? जेवडां इचारलात तेवड्याचां उत्तर दिल्यान. नव्वद गावतत काय? गावतत. तिचो काय दोष?" आणि पुन्हा घासायला लागला. "मास्तर म्हणान इतकी वर्सां मुलांका परीक्षा घालतात, आणि तुमकाच प्रश्न घालूक येना नाय."

हे माझ्या जिव्हारी लागलं, कारण मागे विहिरीचा कौल घ्यायला आलेली मंडळी बसली होती आणि ती मन लावून ऐकत होती.

मी म्हटलं, पुन्हा लाव, सगळं सांगून लाव. त्याने पाकळ्या लावल्या. सगळं घातलं, अगदी पस्तीससुद्धा, बॉयलरला 'वाफेची चूल' म्हणून. पाकळ्या दोन्ही बाजूंनी तशाच. आम्ही बसलो. विहीरवाले कंटाळून चहाला जाऊन आले. मला शाळा होती. उठताना बाबली म्हणाला, "एकदा अर्ध्यावर हो घेतलास, आता पुऱ्यावर तूच ठरय, असां म्हणता ती." हे देवीचं की बाबलीचं ते मला कळलं नाही. एरवी मला अहोजाहो करणारा माणूस.

आता माझं. तुझ्या सरांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. आमच्याकडे त्याला नाव आहे, सूचीकटाहन्याय. लोहाराकडे एकाने कढई सांगितली आणि एकाने सुई, तर शहाणा लोहार आधी सुई करून देतो आणि मग कढईला हात घालतो. सोपं आधी. यात पाप नाही. पण दुसराही एक न्याय आहे, अर्धकुक्कुटीचा. कोंबडीचा अर्धा भाग शिजवायचा आणि उरलेला अर्धा अंड्यांसाठी राखून ठेवायचा असं म्हणणारा माणूस. तुमचा टॉवर ताटात आणि बॉयलर भिंतीमागे, यात मला ती कोंबडी दिसते.

यातला सिद्धान्त कोणता असं विचारशील. माहीत नाही. भाची माझी नसती तर तळ्याला अर्धा फेरा मारून सांगितला असता. तुझा टॉवर पडावा असं मला वाटत नाही, आणि तू पुढे जन्मभर त्या भिंतीकडे पाठ करून जेवावंस असंही वाटत नाही. या दोन्हींत मी रोज सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असतो. तुझ्यात हा गुण कुठून आला ते आता कळलं असेल.

एवढंच सांगतो. जे करशील ते करण्याआधी मला कळवू नकोस. मी तुला वळवण्याचा प्रयत्न करीन, आणि कुठल्या बाजूला ते त्या दिवशीच्या वेळेवर अवलंबून राहील.

दत्तामामा


१ डिसेंबर

मामा,

पाहुणे येऊन गेले.

कौस्तुभ सर सुंदर बोलले. टॉवर त्या दिवशी ब्याण्णववर होता, आजवर कधी नव्हता इतका. पाहुण्यांनी फोटो काढले. कोणी काही विचारलं नाही. टॉवर बघून झाला की डावीकडे वळायचं आणि जेवायला जायचं, असं ठरलेलं होतं. पुढे मी चालत होते. मी उजवीकडे वळले. का ते मला अजून सांगता येत नाही. पाहुणे माझ्यामागे आले, सर त्यांच्यामागे आले. मागे वळून बघायचा मला धीर झाला नाही.

भिंतीपलीकडे समर्थ होता. पाहुण्यांसाठी म्हणून सगळ्यांना नवे कपडे दिले होते, तेच घातलेले, पण त्याच्याकडे कोणी येणार नाही हे त्याला माहीत होतं. आम्हाला बघून त्याचा चेहरा असा उजळला. मी म्हटलं, "समर्थ, पाहुण्यांना सांग, इथे काय होतं." आणि तो सांगायला लागला. अगदी शुद्ध भाषेत, शाळेत उभं राहून सांगावं तसं. पाणी कुठून येतं, दाब किती ठेवतो, कोळसा किती लागतो, टॉवर जोरात चालला की कोळसा कसा वाढवावा लागतो. "सर, वाफ एक मिनिट कमी पडू देत नाही मी," असं म्हणाला. पाहुण्यांमधल्या एका बाईंनी त्याला चार प्रश्न विचारले. त्याने चारही उत्तरं बरोबर दिली. मग त्या माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, हे हिशेबात धरलं तर नव्वद नाही, पंचावन्न.

जेवण झालं. जाताना त्या बाईंनी समर्थशी हात मिळवला.

निर्णय गेल्या आठवड्यात आला. मोठा टॉवर नाही. पण हा उतरवायचाही नाही. एक वर्ष दिलं आहे, आणि अट घातली आहे, की वाफ फक्त भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून करायची. सरांची जुनी आकृती बाहेर निघाली. सर मात्र प्रमुख राहणार नाहीत. त्यांना मुख्य कचेरीत बोलावलं आहे. त्यांच्या जागी मला बघायला सांगितलं. त्यांनी आकृतीचे सगळे कागद स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "खालून तिसरा पाइप बदल, मी चुकलो होतो तिथे." ओरडले असते तर बरं झालं असतं.

बॉयलर बंद करायचा आहे. त्यावरची माणसं कंत्राटाची. समर्थला या महिनाअखेरपर्यंत ठेवतील. मी दुसरीकडे कुठे जागा आहे का विचारते आहे, पण सगळे पुढच्या वर्षी बघू म्हणतात. दोनदा त्याच्या घरी गेले. एकदा कुलूप होतं. एकदा नव्हतं, पण दार उघडलं नाही. आत सलोनीचा आवाज येत होता.

मला आनंद व्हायला हवा, मामा. टॉवर वाचला. मी भट्टीच्या बाजूने नवे पाइप कुठून न्यायचे त्याची मापं घेत दिवसभर हिंडते. भिंतीकडे जात नाही.

मी बरोबर केलं ना?

चारुता


वालावल,
५ जानेवारी २०२६

चि. चारुता,

उत्तराला उशीर झाला. तीन वेळा लिहायला बसलो. तिन्ही वेळा फार छान लिहिलं जात होतं, म्हणून फाडलं.

काल समर्थ आला होता. इन्सुलीहून स्कूटरवर, मागे सलोनी. ती आत तुझ्या आईकडे गेली. तो पडवीत बसला. चहा घेतला. आंब्याला मोहर बरा आहे, काजूचं बघू, असं बोलत राहिला. मीच शेवटी म्हटलं, "चारुताला फार वाईट वाटतंय."

"वायट वाटासारख्या तेनी काय केल्यान नाय, सर. खोटां बोलूक नाय ताई. ता बरांच केल्यान." मग म्हणाला, "तेंका कदी कळलां, कोळश्याचो हिशेब काय तो?"

मी म्हटलं, कळलं म्हणजे, तिला पहिल्यापासून माहीत होतं. माझ्याशी ती ऑक्टोबरात बोलली.

"तुमका आक्टोबरात म्हायत होतां?"

"हो."

"बाबली काल बाजारात भेटलो. तो म्हणा होतो, देवीक पण सांगलात."

"हो. सांगितलं."

तो हसला. तुला आठवत असेल तो हसतो कसा, आधी खाली बघून. "म्हणजे देवीक म्हायत, तुमका म्हायत, बाबलीक म्हायत. मगे भायरच्या पावण्यांका कळलां. आणि बॉयलराकडे उभो कोण? मी. माका कोणी सांगूक नाय, की समर्था, तू ह्या सांगशीत तर तुझोच बॉयलर बंद पडतलो. सगळां माझ्याच तोंडातसून वदवून घेतलात. आणि मी खूश, माझ्याकडे पावणे इले म्हणान."

मी त्याचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"सांगलां असतां तरी मी तांच बोललो असतंय," तो म्हणाला. "पण सांगूक होयां होतां."

जाताना दोघं पाया पडली. मी पाय मागे घेतले तर त्याला कळलं नाही, पाया पडलाच.

चारुता, तू विचारतेस बरोबर केलं का. टॉवरचं तू बरोबर केलंस, असं मला आता सकाळीही वाटतं आणि संध्याकाळीही. पण आपण दोघांनी ऑगस्टपासून इतका कागद घालवला, मी कोंबडी काढली, सुई काढली, देवीला दोनदा ताटकळत ठेवलं, आणि वाफ कुठून येते याचं उत्तर मिळाल्यावर ती वाफ करतो कोण, हे मी तुला एकदाही विचारलं नाही. मला तर ते नावानिशी ठाऊक होतं. त्याला मीच तिथे पाठवला होता.

मला यावर उत्तर पाठवू नकोस. मी ते वाचून तुझी बाजू घेईन. त्याला लिही. बांद्याकडून येताना तपासणी नाक्याच्या अलीकडे त्याच्या वडिलांचं घर आहे, पोस्टमनला नुसतं नाव पुरतं. त्याला पत्रं येत नाहीत, तेव्हा घरातले सगळे जमतील आणि कोणीतरी मोठ्याने वाचेल. तसं धरूनच लिही.

समर्थ, मु. पो. इन्सुली, ता. सावंतवाडी.

दत्तामामा